मागून ठेवलेली जागा

खालचा मळा, निरवांगी
१२ मे १९९६

माझी बाय मनिषा,

आदुगर हे पत्र उजेडात धरून बघ. हे सोता तुझ्या आजीनं लिवलंय. कुनाला सांगून लिवून घेतलेलं न्हाय. तुझ्या बापाला दाखवलं, तर बिरू म्हनला, "आये, ओळी बांधावरनं चालल्यागत वाकड्या गेल्यात." म्हनलं, जाऊंदेत वाकड्या, बारामतीला पोचल्या म्हंजी झालं. साक्षरतेच्या वर्गात माझा पैला नंबर आला असता, पर अक्काबाईचा आला. ती माझ्या शेजारी बसती, आमची पाटी एकच हाय. तिनं माझंच बघून लिवलं, आन् ती म्हनती मी तिचं बघून लिवलं.

तुला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नोकरी लागली हे म्या निमगाव केतकीच्या बाजारात भाजीवालीपास्नं कासारापातुर समद्यांला सांगितलं. कासारानं दोन बांगड्या जादा घातल्या. एक लगीच फुटली, पर त्येची नियत चांगली.

तू कार्डात इचारलंस, नदीला पानी आलं तर मळ्यातली मान्सं कुठं जानार, ते ठरवलंय का. आगं बाय, मे महिना हाय. नीरा नदीत पोरं क्रिकेट खेळत्यात. तरी म्या तुझं कार्ड भावजींना वाचून दाखवलं. आमचं थोरलं भावजी, तुझं आबा, तुला ठावंच हायत. मी त्येंच्या म्होरं डोक्यावर पदर घेऊन उभी ऱ्हाती आन् ते माझ्याशी बोलायचं झालं तर बैलाकडं बघून बोलत्यात. बैलाला म्हनले, "सांग तिला. पानी आपल्या उंबऱ्याला शिवत न्हाय." तीन सालामागं पानी आलं, त्येंच्या पायरीपातुर चढलं आन् माघारी गेलं. तवापास्नं त्येंचं म्हननं, नदी त्येंना ओळखती. आन् भावजी हालले न्हाय तर मळ्यातलं एक घर हालत न्हाय, हे बी तुला ठावं हाय.

तू जेवतीस का येळेवर? खोलीवर दुसरी पोरगी हाय म्हनलीस, ती कुठल्या गावची?

तुझी आजी
म्हाळसा
(ही सही हाय. आंगठा न्हाय.)


बारामती
२० मे १९९६

प्रिय आजी,

तुझं पत्र मी कचेरीत सगळ्यांना दाखवलं. आमच्या साहेबांनी तर चष्मा लावून तुझी सही पाहिली. खोलीवरची मुलगी वरकुट्याची आहे, नाव मोनाली, तुझ्यासारखीच बोलत सुटते. जेवते मी वेळेवर.

आता कामाचं ऐक. नदी आबांना ओळखत असेल, पण धरण ओळखत नाही. वर घाटात धो धो पाऊस झाला आणि धरण भरलं, की पाणी सोडावंच लागतं. तेव्हा आपल्याकडे कडक ऊन असलं तरी नदीला पूर येतो. एक बरं आहे, सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्या हातात असतो, पण त्या वेळात कुठं जायचं यावर वाद घालत बसलो तर तो फुकट जातो. म्हणून आत्ताच ठरवायचं.

मी सरपंचांशी बोलले. गावात फोन एकच, भिमाच्या दुकानात. पाणी सुटलं की मी तिथं फोन करीन. भिमा बिरोबाच्या देवळातला ढोल वाजवील. ढोल ऐकला की म्हातारी माणसं आणि लेकरं पुढं, जनावरं मागं, आणि सगळ्यांनी चढून माळावर जायचं. माळावर पक्कं छप्पर एकच आहे, साहेबराव काकांच्या वस्तीतलं समाजमंदिर. तुझा वर्गही तिथंच भरतो, म्हणजे जागा तुझ्या ओळखीची. सरपंचांनी चावडीच्या फळ्यावर लिहूनही टाकलंय. जूनमध्ये एकदा खोटा खोटा ढोल वाजवून सराव करा. आबांना तयार करायचं काम तुझं. त्यांना सोडलं तर गावात कुणाला घाबरत नाहीस तू.

तुझी
मनिषा


निरवांगी
२० जून १९९६

मनिषाबाय,

सराव झाला. म्हंजी ढोल झाला, सराव न्हाय झाला.

आईतवारी सकाळी भिमानं ढोल असा बडवला की देवळातली कबुतरं दुपारपातुर माघारी आली न्हाईत. आमी समद्या बाया गठुडी बांधून दारात. कुशाबाईनं तर नवं लुगडं नेसलं, केसांत गजरा. म्हनलं, पुराला चाललीस का वरातीला? म्हनली, "माळावरची मान्सं बघनार न्हाईत व्हय?" समद्यांची नजर भावजींच्या दाराकडं. भावजी ओट्यावर बसून सुतळी वळत होते. ढोल थांबला. भावजी सुतळी वळत होते. मग कुशाबाईनं गठुडं सोडलं आन् चुलीवर चहा ठेवला. झाला सराव.

भावजींचा राग नदीवर न्हाय, हे मला नंतर उमगलं. आपली जात मेंढरामागं फिरली. मी लगीन होऊन आले तवा आपलं घर म्हंजी एक घोडं आन् दोन पालं. जिथं मेंढरं बसवायची तितं एक दिस आदुगर घरातला थोरला मानूस जायचा. रानाच्या मालकाच्या ओट्यावर आपलं घोंगडं घडी करून ठेवायचा आन् गप बसायचा. मालकानं ते घोंगडं आपल्या हातानं आंथरलं आन् "बसा" म्हनला, की जागा मिळाली. न्हाय आंथरलं तर घोंगडं उचलून म्होरं. न इचारता आपन कुनाच्या रानात एक रात काढली न्हाय. भावजी बैलाला म्हनले, "चावडीच्या फळ्यावर दुसऱ्याचं घर लिवून ठेवायचं, ही कुठली रीत?"

आन् बाय, माळावर बी तीच बोंब. साहेबराव आपल्या बायकुला, अक्काबाईला म्हनला, "आमच्या वर्गनीतनं बांधलेलं समाजमंदिर. ते आमाला फळ्यावर वाचून कळतंय!" म्हंजी दोघं बी एकाच गोष्टीवर रुसल्यात, आन् एकमेकांवर तर बांधावरच्या चिंचेपायी आदीपास्नंच रुसल्यात. चिंच कुनाची, ह्यावर दोघं कवापास्नं बोलत न्हाईत. चिंचा वानरं खात्यात.

एक गोष्ट खरी खरी सांगती. कुशाबाई हळूच म्हनली, "तितं जाऊन त्येंच्या हातचं पानी प्यायचं व्हय?" म्या म्हनलं, मी वरीसभर अक्काबाईच्या तांब्यातलं पानी पिऊन बाराखडी शिकले, तू नुसतं पिऊन तरी बघ. पर तिच्या मनात हाय तर आनखी कुनाच्या मनात असंलच, म्हनून लिवलं.

आता ह्यातनं वाट म्याच काढती. तू काळजी करू नगंस.

म्हाळसा


बारामती
२५ जून १९९६

प्रिय आजी,

चूक माझी आहे. समाजमंदिर कुणाचं, ते मला माहीत होतं, आणि तरी मी ते न विचारता सरपंचांना सांगून मोकळी झाले. नकाशावर ते नुसतं एक चौकोनी घर दिसतं. पुढच्या रविवारी मी येते. आधी साहेबराव काकांकडे जाते, मग आबांकडे. दोघांची माफी मागते.

तुझं शेवटचं वाक्य वाचून मात्र मला खरी काळजी वाटायला लागली. मी येईपर्यंत कृपा करून काही करू नकोस.

मनिषा


निरवांगी
२७ जून १९९६

मनिषाबाय,

तुझं पत्र यायच्या आदुगरच म्या केलं. आता काय करनार.

भावजींचं काळं घोंगडं दोरीवर वाळत होतं. म्या ते काढलं, झ्याक घडी केली, आन् वर्गाला जाताना अक्काबाईच्या हातात दिलं. म्हनलं, तुझ्या मालकाला दे, आन् सांग की आमच्या भावजींनी धाडलंय. अक्काबाईला आमची रीत ठावं हाय, तिनं साहेबरावला समजावून सांगितलं. मला वाटलं, झालं. साहेबराव नुसतं "हा" म्हनंल आन् पोरांहाती घोंगडं माघारी धाडंल.

त्यो सोता आला! इस्तरीचा शर्ट घालून, खांद्यावर घोंगडं टाकून. एस.टी.त कंडक्टर होता न्हवं, चालतो बी असा जनू गाडी भरलीया. आन् हितं भावजी सकाळपास्नं घोंगडं हुडकीत होते. कुत्र्याला दोन काठ्या घातल्या होत्या, कुशाबाईच्या पोराला चोर म्हनून झालं होतं. तेवढ्यात घोंगडं फाटकातनं आत आलं, साहेबरावच्या खांद्यावर.

साहेबराव म्हनला, "आबाजीराव, तुमचं घोंगडं पोचलं. आमची ना नाही."

भावजी म्हनले, "घोंगडं माझं. त्यात तुझी हा-ना इचारली कुनी?"

"तसं नव्हं. मी स्वतः अंथरायला आलोय."

"माझ्या अंगनात माझं घोंगडं तू आंथरनार?"

"मग कुणाच्या अंगणात अंथरू? बसमध्ये अंथरू?"

"आदी खांद्यावरनं खाली घे ते."

"खालीच घेतोय की! अंथरल्याशिवाय खाली येईल का?"

असं दोघं बराच येळ. मग दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं. मी घासलेलंच पातेलं परत घासत होते.

साहेबरावला हसू फुटलं. लई हसला. पोट धरून कट्ट्यावर बसला. भावजी न्हाय हसले. त्येनी घोंगडं घेतलं, झटाकलं, घरात गेले. जाताना बैलाला म्हनले, "सांग तिला, माझ्या तोंडचा शब्द दुसऱ्यानं बोलायचा नसतो."

तवापास्नं ते बैलाशी बी बोलत न्हाईत. तू आईतवारी येनारच हायेस तर येताना बारामतीचा तंबाखू आन त्येंच्यासाठी. चांगला वासाचा.

म्हाळसा


बारामती
९ जुलै १९९६

प्रिय आजी,

रविवारी आबांनी तंबाखू घेतला आणि माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलले, पण विषयावर आले नाहीत. साहेबराव काकांनी माझी माफी ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाळ, तू तिकीट न काढता गाडीत बसलीस. आता उतरवत नाही, पण पुढच्या वेळी लक्षात ठेव." मग चहा पाजला आणि घोंगड्याची गोष्ट नक्कल करून सांगितली. मी आणि अक्काबाई रडेपर्यंत हसलो.

पण आजी, आज हसू येत नाही. घाटात पावसाने जोर धरलाय. धरणातलं पाणी रोज वाढतंय, आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर मी स्वतः ते लिहिते. आबा हलले नाहीत तर तुम्ही सगळे त्या मळ्यातच बसून राहाल, आणि मी इथं तक्त्यापुढं उभी. काय चाललंय ते लवकर कळव.

मनिषा


निरवांगी
२२ जुलै १९९६

मनिषाबाय,

आनंदाची गोष्ट हाय, पर आदुगर ठमाबाईची सांगती, न्हायतर इसरंल.

गुरवारी वरच्या आळीत लगीन होतं. नवरदेव आला, ढोल लागला. आपली ठमाबाई, कानानं अर्धी, गुडघ्यानं पाव. तिला वाटलं नदी आली. उठली, देव पदरात बांधले, कोंबडी काखेत मारली, आन् कुनाला न सांगता थेट माळावर! समाजमंदिराला कुलूप. पायरीवर बसून ऱ्हायली. आमी हितं तिला हिरीत हुडकतोय. अक्काबाईनं तिला जेवू घालून माघारी धाडली. समदे हसले, पर मी म्हनलं, हसू नगा, अख्ख्या गावात सराव एकीचाच झालाय. तवा आता ठरलंय, लग्नाचा ढोल येगळा आन् पान्याचा येगळा. पान्याला भिमा थांबून थांबून तीन ठोके देनार.

आता भावजी. सोमवारी त्येनी पटका बांधला, घोंगडं खांद्यावर टाकलं आन् एकटे माळाकडं निघाले. मी लांबनं मागं मागं. अक्काबाईच्या न्हानीआड जाऊन दोघी उभ्या ऱ्हायलो.

भावजींनी घोंगडं साहेबरावच्या ओट्यावर ठेवलं न्हाय. खांद्यावरच. म्हनले, "जागा बघायला आलोय. पसंत पडली तर मागीन."

साहेबराव म्हनला, "बघा की. दाखवायला पैसे पडत नाहीत."

भावजींनी समाजमंदिराला चक्कर मारली. भिंतीवर थाप मारून बघितली. दारात उभं ऱ्हाऊन वारा बघितला. म्हनले, "दार पावसाच्या तोंडाला हाय."

"समाजमंदिर आहे आबाजीराव, मेंढरांचा वाडा नव्हे."

"मान्सं बी भिजत्यात. दाराम्होरं पत्र्याचा आडोसा करा. पत्रं माझ्याकडं पडून हायत."

आत गेले. बुद्धाच्या मूर्तीम्होरं पटका काढून उभे ऱ्हायले, हे म्या सोता बघितलं. भाईर आले आन् मग घोंगडं ओट्यावर ठेवलं, घडी करून. खाली भुईवर बसले. तोंडातनं एक शब्द न्हाय. साहेबराव बी येळ लावीत होता, मुद्दाम, मला कळत होतं. इकडं अक्काबाईनं माझा दंड असा धरला होता की वळ उठला. मग साहेबरावनं घोंगडं उचललं, ओट्यावर आंथरलं, चारी कोपरं नीट केली, आन् म्हनला, "बसा."

चिंचेचं दोघं कायबी बोलले न्हाईत. बोलनार बी न्हाईत, असं दिसतंय.

दुसऱ्या दिशी सराव. तीन ठोके पडले आन् भावजी समद्यांच्या म्होरं. जुन्या काळी मेंढरांचा वाडा हालायचा तसं प्रत्येकाला एकच वझं नेमून दिलेलं. बिरूकडं धान्याचं पोतं, माझ्याकडं मीठ, काड्यापेटी आन् लेकरांचं दूध. कुशाबाईकडं भांडी. कुनी दुसऱ्याच्या वझ्याला हात लावायचा न्हाय, म्हंजी इसरत न्हाय काय. पर ठमाबाईची बैलगाडी वढ्यात रुतली. वढ्याला पानी न्हवतं तरी चिखलात रुतली! साहेबराव वरनं म्हनला, "आत्ता रुतली तर पाणी आल्यावर काय होईल?" तवा ठरलं, गाडी त्या वाटंनं न्ह्यायचीच न्हाय. ठमाबाईला साहेबरावच्या पोराच्या ट्रॅक्टरवर, पुलाकडनं. तुझ्या नकाशात वढा व्हता का गं? असंल, पर त्यातला चिखूल नसंल.

म्हाळसा


बारामती
१ ऑगस्ट १९९६

प्रिय आजी,

वढा होता नकाशात, चिखल नव्हता! आणि मी इथं साहेबांना विचारलं. नदी फुगली की तिचं पाणी आधी उलटं वढ्यात शिरतं. म्हणजे घरात पाणी यायच्या खूप आधी तुमची वाट बंद होते. पाणी दिसल्यावर निघायचं नाही, ढोल ऐकल्यावर निघायचं. हे आबांना माझ्या शब्दांत सांग, तुझ्या नको.

धरण भरत आलंय.

मनिषा


(पोस्टकार्ड)
बारामती
२४ ऑगस्ट १९९६

आजी,

मंगळवारी मी भिमाला फोन केला. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून लाइन बंद आहे. एस.टी. निमगाव केतकीच्या पुढं सोडत नाहीत. त्याने ढोल वाजवला का? तुम्ही गेलात का? मोनाली म्हणते वरकुट्याकडे ऊनच होतं त्या दिवशी. ऊन असेल तर आबा निघाले नसतील, एवढंच डोक्यात फिरतंय. दोन ओळी तरी टाक.

मनिषा


समाजमंदिर, माळ, निरवांगी
२७ ऑगस्ट १९९६

माझी बाय,

समदी मान्सं सुखरूप. हे पैल्या ओळीत लिव म्हनून अक्काबाईनं माझ्या डोक्यावर उभं ऱ्हाऊन लिवून घेतलं. तिला वाटतंय मी आदी कोंबड्यांचं लिवीन.

कोंबड्या गेल्या. चार.

आता नीट सांगती. मंगळवारी दुपारी असं ऊन होतं की म्या शेंगा वाळत घातल्या होत्या. आभाळात नखाएवढा ढग न्हाय. आन् तीन ठोके पडले. परत तीन. समद्यांनी वर बघितलं. कुशाबाई म्हनली, "भिमाला भांग चढलीया." बिरू नदीवर जाऊन आला, म्हनला, पानी घोट्याएवढं बी न्हाय. मग समदे भावजींच्या अंगनात गोळा झाले.

भावजींनी आयुष्यभर आभाळ बघून मेंढरं हाकली. त्येनी आभाळाकडं बघितलं. वारं बघितलं. मातीचा वास घेतला. म्हनले, "पानी न्हाय ह्यात."

मी पदर म्होरं वढला आन् बैलाकडं बघून म्हनलं, "धरनाचं पानी आभाळात दिसत न्हाय, असं मनिषानं कळवलंय."

भावजी म्हनले, "मनिषा बारामतीला हाय. आभाळ हितं हाय."

कुनी हालंना. ठोके चालूच. मला वाटलं, संपलं आता. आन् मग भावजी उठले, आत गेले, देवांची टोपली डोक्यावर घेऊन भाईर आले. बिरूनं इचारलं, "आबा, पानी न्हाय म्हनताय आन् निघताय?"

भावजी म्हनले, "पानी येऊ न येऊ. जागा मागून ठेवलीया. त्येनं घोंगडं आंथरलंय. मागितलेल्या जागंवर गेलो न्हाय तर देनाऱ्याचा पानउतारा व्हतो. उद्या दुसऱ्या कुनाच्या ओट्यावर कुठल्या तोंडानं बसू? चला, उचला."

उचललं. ज्येचं त्येचं वझं ज्येनं त्येनं. साहेबरावचा ट्रॅक्टर ठमाबाईला घ्यायला पुलाकडनं आलेला. आमी वढा कोरड्या पायानं वलांडला. कुशाबाई वाटभर पुटपुटत होती की वाळवन वाया गेलं. माळावर पोचलो तर साहेबराव दारात उभा, येकेकाला मोजून आत घेतोय, "पुढं सरका, पुढं सरका, दारात थांबू नका, मागं बरीच जागा आहे." पन्नास मान्सं आत, आन् त्येला अजून जागा दिसतीया! भावजींनी दिलेल्या पत्र्यांचा आडोसा दाराम्होरं लागला होता. त्येच्याखाली शेरडं बांधली.

मग समदे भाईर येऊन खाली बघत बसलो. काय न्हाय. ऊन. भावजी तंबाखू मळत होते. बिरू म्हनला, "जाऊन शेंगा तरी आनू का?" भावजींनी नुसती मान हालवली, न्हाय म्हनून.

दिवस मावळायच्या टायमाला वढ्यातलं गवत हालायला लागलं. वारं नव्हतं. मग गवत दिसंनाच. तांबडं पानी, आवाज न करता, उलटं चढत आलेलं. आमी ज्या दगडावर पाय दिऊन आलो त्यो दगूड गेला. मग बांध गेला. मग माझ्या शेंगा. भावजींच्या घराची भिंत बसली, तवा आवाज झाला. उंबऱ्याला पानी शिवलं का, असं इचारू नगंस. उंबराच ऱ्हायला न्हाय.

भावजींनी हातातला तंबाखू टाकून दिला. मग माझ्याकडं बघितलं. बैलाकडं न्हाय गं, माझ्याकडं! म्हनले, "म्हाळसा, पोरीला कळव. ती बारामतीस हाय, पर तिला हितलं दिसतं."

पैल्या दिशी कुशाबाई पान्याला शिवंना. रात पडल्यावर पोरं रडायला लागली, तवा अक्काबाईनं बादली तिच्याम्होरं ठेवली आन् म्हनली, "घे, नदीचं बी पानी आलंय, ते पसंत असंल तर ते पी." कुशाबाई तांब्याभर प्याली. आता भाकरी दोघी मिळून थापत्यात आन् कुनाची गोल हुती ह्यावर भांडत्यात.

पानी वसरलंय. चार घरं पडली, बाकी उभी हायत, चिखूल लई. जनावर एक बी गेलं न्हाय. तू ये. येताना शेंगदानं आन.

म्हाळसा


बारामती
३१ ऑगस्ट १९९६

प्रिय आजी,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहूनच वाचलं. मोनाली म्हणाली, हसतेस की रडतेस ते एकदा ठरव.

साहेबांनी विचारलं, ऊन असताना तुमचे लोक निघाले कसे? बाकी ठिकाणी लोक पाणी दिसेपर्यंत थांबले होते. मी सांगितलं, आमच्या आबांनी जागा मागून ठेवली होती. त्यांना ते काही नीट समजलं नाही. मी परत सांगितलं, तेव्हा समजलं.

आता पुढचं काय? आबा तिथंच घर बांधणार का? नदी पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे. रविवारी येते. शेंगदाणे आणते.

मनिषा


माळ, निरवांगी
९ जून १९९७

मनिषाबाय,

तू दिवाळीला आलीस तवा भावजींनी भिंती उभ्या केलेल्या बघितल्यास आन् तुझं तोंड उतरलं, ते मला दिसलं होतं. तू कायबी बोलली न्हाईस, ते चांगलं केलंस. रान खाली हाय, हिर खाली हाय, मानूस वरनं शेती कशी करनार? पर त्येंच्या डोक्यात काय शिजत होतं ते त्येनी आत्ताशी, गुडीपाडव्याला सांगितलं.

भावजी म्हनले, "ढोलाची वाट कशाला बघायची? आपला बाप काय करत होता? पाऊसकाळ एका जागी, उन्हाळा दुसऱ्या जागी. दोन जागा म्हंजी दोन घरं, आपल्याला काय नवीन हाय? मिरग लागला की वर जायचं. दसरा झाला की खाली यायचं. गडी मान्सं रोज दिवसा खाली जाऊन रान करतील, बाया-लेकरं, धान्य आन् जनावरं वर."

आन् साहेबरावच्या ओट्यावर परत घोंगडं घेऊन गेले. साहेबराव म्हनला, "आबाजीराव, आता दरवर्षी काय विचारायचं? तुमचीच जागा समजा."

भावजी म्हनले, "समजायची न्हाय. दरसाल इचारनार. ज्या साली तुला नगं वाटंल, त्या साली आंथरू नगंस."

साहेबरावनं आंथरलं. आन् समाजमंदिराच्या मागं आमी पत्र्याची खोपटी घातली, वळीनं. साहेबरावच्या वस्तीतल्या पोरांनी खांब रवून दिलं. अक्काबाईनं माझं खोपाट तिच्या न्हानीजवळ घालून घेतलं, म्हंजी मला तिचं बघून लिवता येईल, असं ती म्हनती.

परवा मिरग लागला आन् आमी वर आलो. वाटंत निमगावच्या बाजाराला निघालेली मान्सं भेटली. हसायला लागली. एकजन म्हनला, "आबाजी, नदीत वाळू उडतीया आन् तुमी कुनाला भिऊन पळताय?" भावजी थांबले बी न्हाईत. म्हनले, "पळत न्हाय. पळायला लागू नये म्हनून चाललोय."

आज सकाळी वरकुट्याची दोन म्हातारी मान्सं येऊन खोपटी बघून गेली. त्येंची बी घरं नदीला लागून हायत म्हनं. भावजींनी त्येंना चहा पाजला, आन् पैला सवाल केला, "तुमच्याकडं माळावर जागा कुनाची हाय? त्येला इचारलंत का?"

तवा आता दसऱ्यापातुर पत्र खालच्या मळ्याला टाकू नगंस. पोस्टमन बिचारा वढा उतरून जातो आन् तितं एक मांजर सोडून कुनी नसतं. असं लिव: म्हाळसाबाई, माळ, अक्काबाईशेजारी, निरवांगी. पोचतंय.

पाऊस अजून न्हाय. आमी येऊन बसलोय.

तुझी आजी
म्हाळसा